चर्चमध्ये साक्ष, मंडळात प्रेरणा. मग लेखिका कुठे?

दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून प्रश्न आला आहे. विचारणारी मुलगी सव्वीस वर्षांची, बी.ए. झालेली, कथा लिहिणारी. डोळ्यांना रेटिनायटिस पिगमेंटोसा. दिवसा समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही, आणि दिवेलागण झाली की जवळजवळ काहीच नाही. घर आजोबांपासून ख्रिस्ती. चर्चमध्ये तिच्या डोळ्यांसाठी दर रविवारी प्रार्थना होते, आणि गुण येत नाही म्हणून 'विश्वास कमी पडतो' असं कुणीतरी हळूच सुचवतं. 'या जगिक गोष्टी कायले लेहतं?' हेही विचारतात. तालुक्याच्या साहित्य मंडळात गेली तर ३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनाला जिद्दीवर कविता मागतात, २५ डिसेंबरला येशूवर. एरवी तिचं नाव यादीत नसतं. ती विचारते, 'श्रद्धा, अपंगत्व आणि लेखकांमधलं माझं स्थान, या तिन्हींचा तोल कसा सांभाळू?' 'मला तू म्हणा सर' असंही तिनं लिहिलंय, म्हणून पुढचं तिच्याशीच बोलतो.

बेटा, मी लहानपणच्या पोलिओचा आहे. उजव्या पायाला कॅलिपर. तुझ्या शेजारच्याच तालुक्यात हायस्कुलात मराठी शिकवलं, लेखकांची महिन्याची बैठक कित्येक वर्षं चालवतोय, आणि रविवारी चर्चमध्ये पवित्र शास्त्राचं वाचन माझ्याकडे असतं. त्यामुळे तुझ्या प्रश्नातल्या तिन्ही गोष्टी माझ्या घरच्या आहेत.

सरळ उत्तर आधी देतो. तोल सांभाळायचं मनातून काढून टाक. तुझ्या श्रद्धेचं तुझ्या डोळ्यांशी भांडण नाही, डोळ्यांचं लेखणीशी नाही. अडचण माणसांच्या अपेक्षेची आहे. चर्चला तुझ्याकडून साक्ष हवी आहे, म्हणजे देवानं बरं केल्याची कहाणी; मंडळाला प्रेरणा. दोघांनाही तुझ्या शरीराची गोष्ट ऐकायची आहे आणि तिचा शेवट दोघांनी आधीच ठरवून ठेवलाय. एकीकडे तू बरी होतेस, दुसरीकडे तू 'मात करतेस'. तू स्वतः लिहिलेली गोष्ट मात्र अजून कुणी मागितलेली नाही. तेव्हा दोन्हीकडे एकच मागणी लावून धर: माझं लिहिलेलं वाचा आणि कुठं फसलं ते सांगा. ज्या दिवशी कुणी तुझ्या कथेवर मन लावून वाद घालेल, त्या दिवशी तू तिथली झालीस असं समज. त्याआधी होणारं कौतुक कितीही गोड असलं तरी ते पाहुणीचं कौतुक आहे.

आता चर्चचं बोलू, कारण जास्त दुखतंय ते तिथं, हे तुझ्या लिहिण्यावरून कळतं.

प्रार्थना थांबवा असं म्हणू नकोस. जी माणसं तुझ्यासाठी डोळे मिटतात तीच रात्री-बेरात्री गाडी काढून दवाखान्यात नेतात. खेड्यातली चर्चमंडळी लहान असते. तिथं एकमेकांना सोडून चालत नाही. पण प्रार्थनेचा विषय तू ठरवू शकतेस. पास्टरसाहेबांना उपासनेआधी भेट आणि सांग, 'डोळ्यांसाठी प्रार्थना करता त्याबद्दल मनापासून आभार. या रविवारी माझ्या कथेसाठी करा, ती अडलीय.' हे एवढं बोलायला धीर लागतो, मला माहीत आहे. पण एकदा चर्चमध्ये मोठ्यानं तुझ्या कथेचं नाव घेतलं गेलं की लोक पुढच्या आठवड्यात विचारतात, 'काय झालं मग त्या कथेचं?' डोळ्यांबद्दल विचारलेल्या प्रश्नाला तुझ्याकडे दर वेळी तेच उत्तर असतं. कथेबद्दलच्या प्रश्नाला दर वेळी नवं उत्तर असेल.

'विश्वास कमी' म्हणणाऱ्यांना वाद न घालता योहानाचा नववा अध्याय वाचून दाखव. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? प्रभू दोघांनाही त्यातून मोकळं करतो. तुझ्या आजाराचं कारण जनुकांत आहे. डोळ्याच्या पडद्यावरच्या ज्या पेशी अंधुक उजेडात पाहतात त्या आधी मरत जातात, म्हणून रात्र आधी जाते, मग बाजूची नजर. आई आणि बाप दोघांची नजर धड असूनही दोघांकडे लपून असलेला दोष मुलात उतरू शकतो. यात कुणाच्या प्रार्थनेचा, उपासाचा, चर्चला दिलेल्या दशमांशाचा काही संबंध नाही. तुझ्या आईलाही हे सांग. आया हा दोष स्वतःवर घेऊन बसतात आणि कधी बोलत नाहीत.

बरं होण्याच्या घटना शुभवर्तमानात आहेत, मी त्या मानतो, आणि तुला दिसावं असं तुलाही वाटत असेल तर तशी प्रार्थना तू खुशाल कर. पण शास्त्रात तेवढंच नाही. दुसऱ्या शमुवेलाच्या नवव्या अध्यायात मफीबोशेथ आहे, दोन्ही पायांनी अधू. दावीद राजा त्याला बोलावून रोजच्या पंक्तीला बसवतो. त्या अध्यायाचं शेवटचं वाक्य बघ. तो राजाच्या पंक्तीला जेवत असे हे सांगून झाल्यावर लिहिणारा पुन्हा एकदा नोंद करतो की तो दोन्ही पायांनी लंगडा होता. पाय तसेच राहिले, पान मांडलं गेलं. लूकच्या चौदाव्या अध्यायातल्या मेजवानीतही तेच. गरीब, व्यंग असलेले, लंगडे, आंधळे यांना बोलाव असं प्रभू सांगतो, आधी बरे करून आण असं सांगत नाही. पौलानं शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि त्याला काट्यासकटच कृपा मिळाली. आणि पुनरुत्थान झालेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. थोमा या शिष्याला ते दाखवले गेले. मी हा भाग चर्चमध्ये कॅलिपर घालून उभा राहून वाचतो, तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा ऐकतात.

'जगिक गोष्टी' या आक्षेपाचं उत्तर तर प्रभूच्या दाखल्यांतच आहे. काय काय माणसं आहेत त्यांत! बापाची इस्टेट उडवणारा मुलगा, रस्त्यावर लुटणारे चोर, मालकाच्या हिशेबात फेरफार करणारा कारभारी. लूकच्या सोळाव्या अध्यायातल्या त्या कारभाऱ्याचा दाखला आजही पास्टर लोकांना घाम फोडतो, इतका तो सरळ उपदेशात बसत नाही. पेरणी, हरवलेलं नाणं, पिठातलं खमीर. सगळं वावरातलं आणि चुलीजवळचं. तू जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, जाणाऱ्या बाईची कथा लिहिलीस, तिचा नवरा दारू पितो आणि चर्चचा वडील, म्हणजे कारभार पाहणारा एल्डर, तिचे पैसे दाबून बसतो, म्हणून कुणी नाराज झालं असेल. होऊ दे. ती माणसं शास्त्रात बसतात.

चर्चकडून काही गोष्टी मात्र मागून घे. गीतं मोठ्या अक्षरात, नाहीतर आदल्या दिवशी फोनवर. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला किंवा नाताळच्या मेणबत्त्यांच्या वेळी दिवे घालवतात तेव्हा सोबत. लोक प्रेमानं तुझा दंड धरून ओढत नेतात ना? त्यांना सांग, 'माझा हात धरू नका, मला तुमचं कोपर धरू द्या.' कोपर धरून अर्धं पाऊल मागे चाललं की पुढची पायरी त्यांच्या अंगाच्या हालचालीवरून कळते. एकदा शिकवलं की पूर्ण चर्च शिकतं.

आता साहित्य मंडळ.

मला कित्येक वर्षं ३ डिसेंबरला अध्यक्ष म्हणून खुर्ची मिळायची. शाल, श्रीफळ, 'शरीर साथ देत नसतानाही' असं भाषण. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या काव्यस्पर्धेला परीक्षक म्हणून मात्र कधी बोलावणं नाही, आणि मी तर मराठीचा मास्तर! शेवटी एका वर्षी मी डिसेंबरच्या निमंत्रणाला उत्तर दिलं की यंदा मला फेब्रुवारीचं काम द्या, डिसेंबरचं दुसऱ्या कुणाला द्या. आयोजक भला माणूस होता. त्याच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. त्या फेब्रुवारीत मी साठेक कविता तपासल्या, तीन पोरांशी त्यांच्या वृत्तावरून भांडलो, आणि तेव्हापासून लोक माझ्याकडे वह्या घेऊन येतात. पायाकडे बघत बोलणं बंद झालं, कारण आता त्यांना माझं मत हवं असतं.

म्हणून सांगतो, मंडळात काम माग. बैठकीचा वृत्तांत लिहायचं काम घे. दुसऱ्याच्या कथेवर पहिलं बोलायचं काम घे. वर्गणीचा हिशेब ठेव, फोनवर ठेवता येतो. ज्याच्या हातात बैठकीचं काही काम असतं त्याच्याशिवाय बैठक होत नाही, आणि खेड्यापाड्यांत आपलेपणा असाच मिळतो. लग्नात वाढायला उभा राहिलेला माणूस घरचा ठरतो. 'डोये अधू असून कसं लेहते पोरगी!' असं म्हणणारे भाऊ वाईट नाहीत, त्यांना दुसरं काय म्हणायचं ते ठाऊक नाही. त्यांच्या गझलेतला सैल शेर तू दाखवलास की त्यांना ते ठाऊक होईल.

आणि दिव्यांग दिनाची कविता? वाटली तर लिही, नाहीतर 'यंदा माझ्याकडे कथा आहे, ती वाचते' म्हण. २०१९ साली यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी, आपल्याच जिल्ह्यातल्या. बोलावलं होतं एक प्रतीक म्हणून, पण त्या बोलल्या स्वतःच्या अनुभवातून, स्वतःच्या शब्दांत, आणि सभागृह त्यांचं झालं. बोलावणारे कशासाठी बोलावतात ते आपल्या हातात नसतं. माईकवर काय बोलायचं ते असतं.

तू परकी नाहीस हेही मनात पक्कं कर. 'तुमचं मराठी छान आहे हो' असं तुला कुणी म्हटल्याचं तू लिहिलंस. चांगल्या मनानं म्हटलं असेल, तरी ते टोचतं, कारण त्यात गृहीत आहे की ही भाषा मुळात तुझी नाही. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ सालचं आहे. ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ची. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना नवा करार मिळाला तो आपल्याच भागातून, नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीत. २०२० साली उस्मानाबादच्या, आताच्या धाराशिवच्या, संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते; निवडीला विरोध झाला, त्यात पाठीच्या दुखण्यानं ते हैराण होते, तरी आले आणि बोलले. यवतमाळला तर १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणाची संस्था होती, नंतर ती पुण्याला गेली. तुझ्या आजोबांनी तिथली माणसं पाहिली असतील, विचार त्यांना.

पण मला तुझ्यासाठी सगळ्यात जवळच्या वाटतात त्या पंडिता रमाबाई. लोकांना त्यांचं समाजकार्य माहीत असतं, त्यांच्या कानांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकीय शिक्षणाच्या इराद्यानं. ऐकू कमी येत होतं, म्हणून तो बेत सोडावा लागला. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ऐकणं आणखी कमी होत गेलं, आणि त्या बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या तेव्हा ते काम हातावेगळं झालेलं होतं. स्वधर्मीयांशीही त्यांचे मतभेद झाले, इंग्लंडमधल्या ज्या लोकांनी आसरा दिला त्यांच्याशी त्या श्रद्धेच्या मुद्द्यांवर पत्रांतून वाद घालत राहिल्या. श्रद्धा, अधूपण आणि लेखन हे तिन्ही एका बाईच्या अंगात होतं, आणि त्यातलं एकही तिनं दुसऱ्यासाठी झाकून ठेवलं नाही.

ख्रिस्ती नसलेलाही एक शेजारी दाखवतो. अमरावती जिल्ह्यातले संत गुलाबराव महाराज, १८८१ ते १९१५. वर्षाचेही नव्हते तेव्हा नजर गेली. इतरांकडून वाचून घ्यायचे, तोंडी सांगायचे, शिष्य लिहून घ्यायचे, आणि अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभरावर ग्रंथ झाले. तेव्हा मंडळात कुणी 'स्वतःच्या हातानं लिहिलं नाही तर ते लेखन कसं?' असं म्हणालं, आणि म्हणतात लोक, तर वऱ्हाडातल्या माणसाला हे एक नाव पुरतं. सांगून लिहवणं ही आपल्या मातीतली जुनी रीत आहे.

दीपप्रज्वलनाचं तू चाचरत विचारलंस, ते मोकळेपणानं बोलू. कार्यक्रमाची सुरुवात सरस्वतीच्या प्रतिमेला हार आणि समईनं होते. ख्रिस्ती माणसानं काय करावं? माझा पाळलेला नियम असा: सगळे उभे राहतात तेव्हा मी आदरानं उभा राहतो. यजमानाच्या घरातला तो मान आहे, त्यात माझ्या श्रद्धेला धक्का नाही. हार घालायला किंवा समई पेटवायला मला पुढे बोलावणार असतील तर आयोजकांना आदल्या दिवशी फोन करतो, 'दादा, ते मला करता येणार नाही, मी प्रास्ताविक करतो किंवा पुस्तक देऊन पाहुण्यांचं स्वागत करतो.' आजवर कुणी वाईट वाटून घेतलं नाही. कार्यक्रम चालू झाल्यावर व्यासपीठावर नकार दिला तर मात्र यजमानाचा अपमान होतो, आणि तुझ्यासारख्या मुलीकडे सगळे त्याच नजरेनं बघायला लागतात. प्रसादाचंही विचारलंस. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलानं मूर्तीला दाखवलेल्या अन्नाबद्दल दोन ठिकाणी लांबलचक लिहिलंय, आणि त्याचा भर प्रत्येकाच्या विवेकावर आणि दुसऱ्याचं मन न दुखावण्यावर आहे. तुझा विवेक काय सांगतो ते तू बघ. तुझ्यासाठी ते मी ठरवणार नाही, पास्टरांनीही ठरवू नये.

कथेत श्रद्धा किती आणायची, असंही तू विचारलंस. हल्ली चर्च हा शब्द आला की 'प्रचार करते का?' अशी शंका येते, हे खरं आहे. त्या भीतीनं आपलं घर कथेतून पुसू नकोस. फक्त श्रद्धा पात्रांच्या हातांतून दिसू दे, निवेदनातून सांगू नकोस. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त हेच केलं. शाळेचं शिक्षण नसलेल्या बाईनं घरातली भांडणं, भूक, सोवळंओवळं असं सांगितलं की धर्मांतराचा सगळा कल्लोळ त्या भांड्याकुंड्यांतून ऐकू येतो.

तुझ्याजवळ तसंच भांडार आहे. शेजारच्या वावरात कापूस वेचणीच्या मुहूर्ताला सीतादही करतात, दहीभात शिंपडतात. आपल्याकडे पहिला कापूस हंगामाच्या सणाला चर्चमध्ये येतो. वेदीजवळ तुरीच्या पेंढ्या, ज्वारीची कणसं, कोंबडी पाय बांधून, एखादं मोठं कोहळं. उपासना झाली की लिलाव. कोहळं कुणीतरी शंभराला घेतं आणि लगेच परत देतं, पुन्हा बोली लागते, पुन्हा परत. एकच कोहळं चार घरांच्या नावावर चढून शेवटी पास्टरबाईंच्या स्वयंपाकघरात जातं. ज्या वर्षी बोंडअळीनं पीक खाल्लं त्या वर्षीही बोली लागते, फक्त आकडा खाली येतो आणि कोण किती थांबून बोलतं ते सगळे ऐकत असतात. ते थांबणं तुझ्या कानांनी ऐकलंय. हे आमच्या बैठकीतल्या कुठल्याच लेखकाला लिहिता येणार नाही. लिही.

आता सोयींचं. यात लाजू नकोस, आणि उपकार मागतेय अशा आवाजात बोलू नकोस.

बैठक संध्याकाळी सहाला असेल तर ती दुपारी दोनला घ्यायला सांग. तुला रात्री दिसत नाही हे कारण एकदाच सर्वांसमोर सांग. आमच्याकडे वेळ दुपारची केल्यावर बाहेरगावच्या बायकाही यायला लागल्या, कारण शेवटची एसटी सगळ्यांचीच चुकत होती. आमची बैठक आधी सोसायटीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर व्हायची; मला जिना जड जायचा, तशी ती खाली शाळेच्या वर्गात आणली, आणि ज्यांनी येणं सोडलं होतं ते दोन म्हातारे कवी परत आले.

'समोरचं वाचते आणि दाराला धडकते, नाटक करते' असं कुणी म्हणतं ते फार लागतं, कळतं मला. बैठकीत सांग, 'मला पाइपातून बघितल्यासारखं दिसतं. अक्षर दिसतं, शेजारचा माणूस दिसत नाही.' दाखल्याच्या वेळीही हीच गडबड होते. तक्त्यावरची अक्षरं वाचता आली की 'नजर बरी आहे' म्हणून परत पाठवतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि अल्पदृष्टी ठरवताना नजरेचा घेरही धरलेला आहे: घेर ४० अंशांहून कमी असेल तर अल्पदृष्टी, १० अंशांच्याही खाली गेला तर अंधत्व. म्हणून जिल्हा रुग्णालयात पेरिमेट्री, म्हणजे नजरेच्या घेराची तपासणी, मागून घे आणि तिचा कागद जोड. ४० टक्क्यांचा दाखला झाला की युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत. बैठकीला यायचा खर्च एवढा उतरला की बापाला दर वेळी विचारावं लागत नाही, आणि सव्वीस वर्षांच्या मुलीसाठी ते मोठं असतं. त्याच कायद्यात सांस्कृतिक जीवनात सहभागी होण्याच्या हक्काचं वेगळं कलमच आहे, एकोणतिसावं. मंडळाच्या अध्यक्षांना ते वाचायला दे, भांडायला म्हणून नको, माहिती म्हणून.

वाचनाची एक युक्ती सविस्तर सांगतो, कारण नजर कमी असलेले आमच्याकडचे दोघं अशीच कथा वाचतात आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही. कथा फोनमध्ये ठेव. वाक्यं तोडून ओळी लहान कर, एका दमात बोलता येईल एवढ्या. एका कानात इअरफोन, दुसरा कान मोकळा, सभागृहासाठी. टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारी फोनमधली सोय, चालू करून एक ओळ ऐक, बोट सरकवून आवाज थांबव, ओळ म्हण, मग पुढची. सुरुवातीला अडखळायला होतं. फोनचा आवाज सपाट असतो आणि तो आपल्या तोंडात उतरतो. म्हणून आधी कथा निम्मी पाठ होईपर्यंत घरी म्हणायची, फोन फक्त पुढची ओळ आठवून द्यायला. वेग हळूहळू वाढव. आणि अध्यक्षांना आधी सांगून ठेव, नाहीतर एखादे काका 'गाणे आयकून रायली' म्हणून रागावतात. संगणक मिळाला तर एनव्हीडीए हे तसंच वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट उतरवता येतं. बोलून लिहायला मराठी व्हॉइस टायपिंग आहे, पण पऱ्हाटी, उलंगवाडी, जागली असले शब्द ते भलतेच करून ठेवतं. तेवढे हातानं दुरुस्त कर, शब्द बदलू नकोस. वाचायला सुगम्य पुस्तकालयात, म्हणजे छापील वाचता न येणाऱ्यांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात, नाव घाल. मंडळाचा जो संग्रह छापील आहे तो तुझ्यासाठी कुणी वाचून ध्वनिमुद्रित केला तर कायद्याची आडकाठी नाही, २०१२च्या दुरुस्तीनं ती सूट दिलेली आहे. आणि ब्रेल आत्ताच शीक, नजर आहे तोवर. याला काही जण घाबरतात, ब्रेल हातात घेतलं म्हणजे नजरेवर पाणी सोडलं असं त्यांना वाटतं. तसं नाही. बोटांना वेळ लागतो, तो आधी दिलेला बरा.

एक गोष्ट लेखनाबद्दल. अंधार म्हणजे पाप, अंधार म्हणजे अज्ञान, हे आपल्या गीतांतही आहे आणि मंडळातल्या कवितांतही. 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' बैठकीत कुणीतरी सहज म्हणून जातं. प्रत्येक वेळी टोकत बसू नकोस, थकशील. तुझ्या कथेत मात्र अंधार जसा आहे तसा लिही. तुझ्या रात्री खरंच काळ्या असतात का? या आजारात बऱ्याच जणांना अंधारात चमचमतं, ठिणग्या उडाल्यासारखं दिसतं. तुला काय दिसतं ते तूच सांगू शकतेस, आणि मराठीत ते फारसं लिहिलं गेलेलं नाही.

आता तू पाठवलेली जागलीची कथा. पहिली दोन पानं पक्की आहेत. माळ्यावर बसलेली बाई, खाली तुरीत रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप शिरतो आणि तिला तो दिसायच्या आधी शेंगा खुडल्याचा आवाज येतो, ते वाचताना माझा हात थांबला. चर्चच्या वडिलांशी पैशावरून होणारं बोलणंही चांगलं, फक्त ते दोघं एकमेकांना फार पूर्ण वाक्यांत बोलतात. असं कुणी भांडत नाही. शेवटचं पान मात्र पटत नाही. चर्चचे वडील अचानक येऊन क्षमा मागतात, नवरा दारू सोडायची शपथ घेतो, तिघं प्रार्थना करतात. हे पान तू चर्चला खूश ठेवायला लिहिलंस असं मला वाटतं. वडील पैसे परत करतील का, ते मला माहीत नाही आणि त्या रात्री तुझ्या बाईलाही माहीत असणार नाही. प्रार्थना तिला एकटीला करू दे, रोही हाकलता हाकलता, आणि तिचे शब्द तिच्या बोलीत असू देत. शपथ काढून टाक.

दुरुस्ती करून पाठव. पुढच्या महिन्यात आमच्या बैठकीला ये, दुपारी दोनला, एसटी स्टँडवर कुणीतरी घ्यायला येईल. पहिलं वाचन तुझं ठेवतोय. तुझ्यानंतर एक निवृत्त गुरुजी त्यांच्या गझला वाचणार आहेत, त्या फोनवर आधीच पाठवतो. त्यांच्यावर पहिलं बोलायचं काम तुझ्याकडे आहे, तेव्हा ऐकून, टिपणं काढून ये.